माझ्या वडिलांच्या दुकानात

मी कमी बोलणारी बाई म्हणून ओळखली जाते. कंपनीत, सोसायटीत, माहेरी, सासरी, सगळीकडे. लोकांना तो माझा स्वभाव वाटतो. थोडा असेलही, पण त्यातलं निम्मं तरी एका सकाळचं ओझं आहे. त्या सकाळी मी फार छान बोलले होते. ते एकदा कागदावर उतरवायचं असं ठरवलं, तेव्हा आधी रेहानाकडे गेले, कारण त्यात अर्धी ती आहे. ती दुकानात एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून बसली होती. तिथूनच म्हणाली, "लिही की. पण मला बिचारी-बिचारी करू नकोस, राव." बायका एकमेकींना राव म्हणत नाहीत सहसा, रेहाना म्हणते. दिवसभर ड्रायव्हर लोकांशी बोलून तिची जीभ तशी झाली आहे. मी हो म्हटलं, चहा घेतला आणि घरी आले. हे लिहायला बसायला मात्र त्यानंतरही दोन महिने गेले.

आम्ही तेव्हा चऱ्होलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या चाळीत राहायचो. एका गावकऱ्यानं आपल्या वावराच्या कडेला ओळीनं खोल्या काढल्या होत्या आणि त्यात लातूर, बीड, जळगाव, कुठकुठची माणसं येऊन राहिली होती. आता तिथं उंच इमारती आहेत आणि गेटवर नाव-गाव सांगितल्याशिवाय आत सोडत नाहीत. आमच्या दोन खोल्या आणि रेहानाच्या दोन खोल्या यांच्यामधली भिंत वरच्या पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. हातभर फट होती. तिच्यातून सगळं इकडचं तिकडं व्हायचं. आमच्या येसराच्या आमटीचा वास तिकडं जायचा, त्यांच्या दालच्याचा इकडं यायचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, ते वर्षाचं वर्षाला गावाकडून यायचं आणि आई ते सोन्यासारखं जपायची. तरी आमटी केली की पहिली वाटी भिंतीपलीकडे. रेहानाची आई, आम्ही तिला खाला म्हणायचो, वाटी कधी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चार हिरव्या मिरच्या घालून द्यायची, पण रिकामी नाही. आमच्याकडेही तीच रीत, त्यामुळे त्या एका वाटीनं वर्षानुवर्षं येरझाऱ्या घातल्या.

आवाजाचं म्हणाल तर आमच्याच घराचा जास्त. माझे वडील, अण्णा, भोसरीला फोर्जिंगच्या कारखान्यात होते. लालभडक तापलेलं लोखंड घणाखाली धरायचं आणि घण पडला की फिरवायचं. त्या घणांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. त्यामुळे आमच्या घरात साधं बोलणं म्हणजे ओरडणंच. "अण्णा, मीठ पाहिजे का?" हेसुद्धा सगळ्या चाळीला कळायचं. रेहाना फटीतून ओरडायची, "देऊन टाक गं, आम्हाला पण झोपू दे." अण्णांना ते ऐकू यायचं नाही, पण आम्ही हसलो की तेही हसायचे. काय झालं म्हणून विचारायचे नाहीत. विचारलं तर परत मोठ्यानं सांगावं लागेल, समोरच्याला त्रास होईल, असा त्यांचा हिशेब असावा. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला ते नुसतेच अडाणी वाटायचे.

रेहानाचे अब्बा, युसूफचाचा, यांचं आळंदी रस्त्याला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, तिच्यापुढे ताडपत्री, बसायला जुने टायर. सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करायचे, हेडलाइट, हॉर्न, जळलेल्या वायरी. शाळा सुटली की रेहाना तिथं जायची आणि तिच्यामागं मीही. भंगारातून आणलेल्या वायरींचे गुंते सोडवून रंगांप्रमाणे जुड्या बांधायच्या, हे आमचं काम. चाचा मध्येच एखादी वायर हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आँख बंद. आता सांग, कुठं तुटली?" वायर वरून धड असायची, आत तांब्याची तार तुटलेली. मी चाचपत बसायची. रेहाना एकदाच बोटं फिरवायची आणि एका जागी थांबायची. तिथं कापलं की तिथंच निघायचं. चाचा फक्त माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मलाही ते येऊ लागलं हळूहळू, पण तिच्यासारखं नाही. दहातल्या सहा वेळा. तिचं दहातलं दहा.

बारावी झाल्यावर आम्हा दोघींनाही नोकरी हवी होती. आईचं म्हणणं स्पष्ट होतं. "नोकरी लागली तर ऱ्हा, न्हाई तर आत्याच्या दिराचं स्थळ हाय, ते बघू." रेहानाच्या घरी स्थळ नव्हतं, पण चाचांच्या डोळ्यांत पडदा यायला लागला होता आणि तिच्या मागं दोन भाऊ शिकत होते. चाकणला तेव्हा गाड्यांच्या वायरिंगचा जुडगा बनवणारी एक कंपनी मुलींची भरती करत होती. पण गेटवर जाऊन बायोडाटा दिला की वॉचमन तो एका खोक्यात टाकायचा आणि ते खोकं कुणी उघडत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. तो पहिला प्रश्न विचारायचा, "कुणाच्या ओळखीनं?" आमची ओळख म्हणजे चाळीच्या टोकाला राहणाऱ्या सुनंदाताई. त्या त्याच कंपनीत लाइन लीडर होत्या. त्यांनी आमच्या दोघींच्या बायोडाटाच्या मागं आपला कंपनीतला टोकन नंबर लिहिला. तिथली पद्धतच होती ती. ज्याचा नंबर, त्यानं त्या पोरीची हमी घ्यायची. पोरगी आठ दिवसांत पळून गेली, लबाड निघाली, तर बोलणी त्यानं खायची.

"नंबर मी दिला," सुनंदाताई म्हणाल्या, "पण तोंड तुमचंच. आधी उभं राहून ओळख सांगायला लावतात. त्यातून आठ-दहा निवडतात आणि मगच हाताची परीक्षा घेतात. ओळखीत पडलीस की हात कितीही चांगले असूदेत, कुणी बघत नाही."

मग आमची तयारी सुरू झाली. संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत निवडत आम्ही ओळख पाठ करायचो. युक्ती रेहानाची होती. आपलं आपल्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तिचं म्हणून दाखवायचं आणि तिनं माझं. म्हणजे कुठं अडतं, कुठं लांबतं ते कळतं. आई आतून ओरडायची, "काय करलालाव गं, नाव सांगायला येवढी घोकंपट्टी? तुमची नावं तुमास्नी ठावं न्हाईत व्हय?"

एके दिवशी सुनंदाताई ऐकायला बसल्या. रेहानाचं असं होतं: 'मी रेहाना. माझ्या अब्बांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी बसते. वायर बाहेरून धड दिसते, पण आत तार तुटलेली असते. ती कुठं तुटली ते मला बोटांनी कळतं. मला हे एकच काम येतं, पण नीट येतं.' सुनंदाताईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बास. एक शब्द इकडचा तिकडं करू नकोस." माझं ऐकलं. नाव, मार्क, रांगोळीत नंबर, मी कष्टाळू आहे, मला नोकरीची अत्यंत गरज आहे. "गरज सगळ्यांनाच असते गं मंगल. तुझे वडील काय करतात?"

"हेल्पर आहेत, फोर्जिंगला."

"म्हणजे नक्की काय करतात?"

मला सांगता आलं नाही. घणाचं, तापल्या लोखंडाचं जे वर लिहिलं, ते मला पुष्कळ नंतर कळलं, तेही अण्णांच्या सोबत्याकडून. अठरा वर्षं मी त्या माणसाच्या ताटाशेजारी जेवले आणि तो दिवसभर काय करतो हे कधी विचारलं नव्हतं. सुनंदाताई म्हणाल्या, "विचार त्यांना. त्यात काहीतरी निघेल." मी नाही विचारलं. हेल्परच्या कामात सांगण्यासारखं काय असणार, असं मला वाटलं. माझ्या पुढच्या सगळ्या वागण्याचं मूळ इथं आहे, असं आता मला वाटतं.

मुलाखत कंपनीच्या कँटीनमध्ये होती. टेबलं बाजूला सारून तीसेक खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. समोर एक साहेब आणि नोंद करायला एक बाई. मी सारखी दाराकडे बघत होते. रेहाना माझ्याआधीच्या खुर्चीवर होती. ती उठली आणि म्हणाली, "तू आधी बस. लवकर सुटशील तरी." आम्ही जागा बदलल्या. मी तिच्या आधी बोलणार होते ते एवढ्यासाठी.

एकेक मुलगी उठत होती. माय नेम इज, माय हॉबी इज, आय ॲम हार्डवर्किंग. सगळ्या कुठल्या ना कुठल्या क्लासमधून तेच शिकून आलेल्या. माझ्याआधीच्या मुलीच्या वेळी साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे मला आता पाठ झालंय," ते म्हणाले. "तुमचं स्वतःचं असं कुणाकडेच काही नाही का?" ती मुलगी रडवेली होऊन बसली. मग मी उठले.

इथून पुढं मला सावकाश लिहायला हवं. इतकी वर्षं हे सगळे असं सांगतात, आणि मीही सांगू दिलं, की घाबरून माझं तोंड घसरलं. एकमेकींचं पाठ केलेलं, त्यामुळे तिचं ते माझ्या तोंडून निघून गेलं. पोरीबाळींच्या बाबतीत असं होतं, आणि ऐकणारा हसून सोडून देतो. पण तसं झालं नव्हतं. त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसत होतं. माझी ओळख म्हटली तर साहेब पेन उचलणार नाहीत, हे दिसत होतं. आत्याच्या दिराचं स्थळ दिसत होतं. आणि उजव्या हाताला रेहानाची ओढणी दिसत होती. मी सांगितलं, "मी मंगल. माझ्या वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे." पहिलं वाक्य होईपर्यंत मी मागं फिरू शकत होते. साहेबांनी पेन उचललं. मग मी सगळं म्हटलं, सावकाश, कुठं थांबायचं तिथं थांबून, जसं ओट्यावर म्हणायची तसंच. शेवटी त्या लिहिणाऱ्या बाईसुद्धा माझ्याकडे बघून हसल्या.

रेहाना उठली. तिनं नाव सांगितलं. बारावी झाले म्हणाली. मग थांबली. मी समोरच्या भिंतीवरच्या सूचनेच्या पाटीकडे बघत होते. "आणि?" साहेब म्हणाले. "शिवण येतं," ती म्हणाली. परत थांबली. "मला पण वायरीचं काम येतं. अब्बांकडे शिकले."

पोरी फिसफिस हसल्या. साहेबही हसले. "चला, आता सगळ्यांच्याच वडिलांची दुकानं निघणार वाटतं!"

तिला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. हिच्या वडिलांचं दुकान नाही, माझ्या अब्बांचं आहे, इतकंच. ते बोलली असती तर दोघींचीही नावं कटली असती आणि सुनंदाताईंचा नंबर गेला असता. ती बसली. नंतर नऊ नावं वाचली, त्यात माझं तिसरं होतं. आम्हाला आत नेलं आणि एका पाटावर वायरींची टोकं भोकांत बसवायला दिली. ती मला जमली. का नाही जमणार, मी चाचांच्या ताडपत्रीखालीच शिकले होते. बाहेर आले तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि रेहाना गेटसमोरच्या बाभळीखाली बसलेली होती. माझ्यासाठी थांबलेली. सहा आसनी रिक्षात आम्ही शेजारी बसून आलो. मोशी आली. मग तीच म्हणाली, "घरी मी सांगते. तू गप्प बस."

तिनं सांगितलं ते असं, की एकमेकींचं पाठ करत होतो ना, हिचं तोंड घसरलं. आईनं कपाळावर हात मारला. सुनंदाताई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. चाचा मात्र मोठ्यानं हसले. "चला, माझं दुकान कंपनीत तर पोचलं! आणि मंगल काय परकी आहे? माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी." मला वाटतं, त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर आज हे लिहायची पाळी आली नसती. आईनं त्या संध्याकाळी शेवयांची खीर केली आणि भिंतीपलीकडे वाटी दिली. दुसऱ्या दिवशी खालानं ती घासूनपुसून परत पाठवली. रिकामी.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नळावर रेहाना भेटली. मी म्हटलं, "खरंच गं, घाबरून तोंडातून निघून गेलं." ती हंडा भरत होती. भरल्यावर तिनं नळ बंद केला. मग म्हणाली, "चुकून निघालं असतं तर 'अब्बा' निघालं असतं, मंगल. तू 'वडील' म्हणालीस." हंडा कमरेवर घेतला आणि गेली. पुढं आमचं बोलणं सुटलं नाही, तिनं सुटू दिलं नाही. वर्षभरात चाचांचे डोळे पुरते गेले आणि दुकान तिनं हातात घेतलं. आज आळंदी रस्त्याला तिच्याएवढं नाव कुणाचं नाही. लोक म्हणतात, झालं ते बरंच झालं, कंपनीत काय मिळालं असतं तिला. मीही तसं म्हणून बघितलं आहे. पण पावसापाण्यात गाडीखाली आडवं पडून काम करायचं की पंख्याखाली उभं राहून पगार घ्यायचा, हे ठरवायची संधी तिला मिळायला हवी होती. ती मी घेतली.

आता मी स्वतः त्या टेबलाच्या पलीकडे बसते. लाइनवरून सुपरवायझर झाले, मग भरतीच्या पॅनेलवर आले. मुली येतात, ताथवड्याच्या कॉलेजातल्या तर फाडफाड बोलतात. मी म्हणते, स्वतःबद्दल सांगा. कुठली गोष्ट उसनी आहे ते मला चटकन कळतं. मी कुणाला पकडत नाही. आणि ओळखीत अडखळली म्हणून कुणाला घरीही पाठवत नाही. सगळ्यांचे हात आधी बघते. बाकीचे सदस्य म्हणतात, मॅडम, फार वेळ खाता तुम्ही. खाते.

पण इथपर्यंतचं सगळं रेहानाला माहीत आहे. तिला जे माहीत नाही ते आता सांगते. खोटं बोलून मी तिचं घेतलं हे खरं, पण ते ठेवायला मला दुसऱ्या कुणाला तरी पुसून टाकावं लागलं होतं. त्या साहेबांना माझी ओळख फार आवडली होती. कुणी पाहुणे आले की ते त्यांना माझ्या कामाच्या बोर्डापाशी आणायचे. "हिच्या वडिलांचं दुकान आहे वायरिंगचं. लहानपणापासून शिकलीय." मी मान डोलवायची. दुसऱ्या वर्षी कंपनीनं कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं. मी घरी सांगणारच नव्हते, पण सुनंदाताईंनी आईला सांगितलं. आईला त्या दिवशी ताप होता, अण्णा एकटे आले. पांढरा शर्ट, धुतलेली टोपी, आणि खिशात आईनं घालून दिलेला रुमाल. कंपनीची बस त्यांना घेऊन आली.

मांडवात भाषणं झाली. साहेबांनी माझं नाव पुकारलं, वर बोलावलं आणि माइकवरून ती सगळी गोष्ट सांगितली. सात वर्षांची असल्यापासून, वडिलांच्या दुकानात, वडिलांच्या शेजारी. टाळ्या पडल्या. मी गर्दीत अण्णांना शोधत होते. ते तिसऱ्या ओळीत बसले होते आणि सगळे वाजवत होते म्हणून टाळ्या वाजवत होते. मला इतकं हायसं वाटलं, की यांना ऐकू येत नाही. बापाच्या बहिरेपणाचा मला आनंद झाला. तो किती झाला ते मी विसरलेले नाही.

खाली उतरल्यावर साहेब माझ्याबरोबर अण्णांकडे आले. हात पुढं केला. अण्णांचे दोन्ही हात मनगटापर्यंत ठिणग्यांनी पोळलेले, डाग डाग झालेले. त्यांनी हात जोडले आणि लगेच मागं घेतले. साहेब जवळ वाकून मोठ्यानं म्हणाले, "काय, कसं चाललंय दुकान?"

मी मध्ये काहीतरी बोलायला गेले. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालू हाय, साहेब. देवाची दया हाय."

"मुलीला चांगलं शिकवलंत."

"ती हुशारच हाय," अण्णा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीपाशी बसले, मी शेजारी. बस चाकणबाहेर पडली, गाड्यांनी भरलेल्या रस्त्यानं रखडत निघाली. अण्णांनी रुमालात बांधून घेतलेला कंपनीचा लाडू काढला, अर्धा मला दिला. खाऊन झाल्यावर हात पुसले. मग माझ्याकडे वळून, त्यांना जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "बाळ, मला त्या दुकानाचं जरा नीट सांगून ठेव. परत कुनी इचारलं म्हंजे माझं चुकायला नगं."

मी नाही म्हणू शकले असते. पाय धरू शकले असते. बस माणसांनी भरलेली होती आणि मला तेवढंच दिसलं, की कुणी ऐकेल. मी त्यांच्या कानाला तोंड लावलं. दुकान आळंदी रस्त्याला आहे. वीस वर्षं झाली. सेल्फ आणि डायनामोची कामं येतात, हेडलाइट, हॉर्न. टेम्पोवाले जास्त. सोमवारी बंद असतं. अण्णा पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. डोळे मिटून, ओठ हलवत ते सगळं पाठ करत होते.